कवडूची दुपार

बांधावरची कहूची झाडं तेव्हा मनगटाएवढी बारीक होती, त्या काळची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. आमच्याकडे ती कोणी मोजलेली नाहीत, आणि मोजून तरी काय करायचं? कहू म्हणजे तुमचं अर्जुनाचं झाड. त्यावरून गावाला कहूटोला म्हणतात आणि तलावाला कहू तलाव. आज ती झाडं दोघांच्या कवेत मावत नाहीत, एवढ्यावरून काय तो अंदाज करा.

तर त्या कहूटोल्यात कवडू नावाचा एक ढिवर, म्हणजे मासेमार, राहत होता. ढिवर म्हटला की जाळं आलं, पण कवडूनं जाळ्याला कधी हात लावला नाही. त्याचं सगळं काम गळावर. आणि गळालासुद्धा बाकीचे लावतात तसं गांडूळ नाही की पिठाचा गोळा नाही. कवडू खोटं आमिष करायचा. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्यायचा, त्याचा बेडूक कोरायचा, त्याला अंबाडीच्या वाखाचे पाय लावायचा, डोळ्याच्या जागी गुंजा बसवायचा. दोरीला हलका हिसका दिला की तो बेडूक पाण्यावर असा टुणकन उडायचा की खरे बेडूक बाजूला सरून त्याला वाट द्यायचे, असं म्हणतात.

आणि हे बेडूक एकासारखे एक नव्हते बरं का. चैतात पाणी अजून गार असतं, मासा पहाटे गवताच्या काठाला येतो, तेव्हा पळसाच्या रंगात बुडवलेला लाल बेडूक. वैशाखात ऊन चढलं की मासा कमळाच्या पानांखाली सावली धरतो, तेव्हा मातकट बेडूक, आणि तो पानावरून घसरून हळूच पाण्यात पडला पाहिजे. ज्येष्ठात तर मासा थेट तळाला जातो. या तलावाच्या मधोमध डोह आहे, तिथं जमिनीतून गार पाण्याचे झिरे फुटतात. तिथं पोटात गारगोटी भरलेला जड काळा बेडूक सोडायचा आणि जागच्या जागी नुसता थरथरवायचा. कोणत्या घटकेला मासा कुठं असेल हे कवडू डोळे मिटून सांगायचा. लोक म्हणायचे, कवडू झोपतो तेव्हा त्याच्या स्वप्नातसुद्धा तलावच असतो, आणि कवडू स्वतः त्यात खालून पोहत असतो.

एवढं सगळं येत असलं की माणसाला थोडा ताठा येतोच. कवडूलाही होता. तो म्हणायचा, "माह्या बेडकाले नाही म्हणनारी मरळ अजून जन्मले यायची हाय."

मरळ म्हणजे या तलावाची राणी. हातभर लांब, काळी पाठ, पांढरट पोट. आणि तिची एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळं पुढचं तिच्यावरच आहे. बाकीचे मासे अंडी घालतात आणि निघून जातात. मरळ जात नाही. नर आणि मादी दोघं पिल्लांवर राखण बसतात, आणि तोवर तोंडाला काही लावत नाहीत. पिल्लं असतात लालभडक, शेकड्यांनी, एका जागी गोळा झालेली. ती सारखी वर येऊन हवा घेतात, तेव्हा पाण्यावर लाल चादर हलल्यासारखं दिसतं. ती लाली दिसली की गळ वर घ्यायचा, हा नेम गावात कवडूच्या आजाच्याही आधीपासून होता. चार वर्षांच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

कवडूला एक लेक होती, कौतिका. ती जन्मली त्याच दिवशी तिची माय गेली. बाळंतपणातच गेली बिचारी. मग कवडूनं त्या पोरीला एकट्यानं वाढवलं. पाठीला बांधून तलावावर न्यायचा, शेळीचं दूध पाजायचा, लाकडी बेडूक हातात देऊन निजवायचा. दुसरी बायको कर म्हणून लोकांनी कमी सांगितलं नाही, पण त्यानं कानावर घेतलं नाही. पोर मोठी झाली, लग्न होऊन गेली, आणि त्या ज्येष्ठात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

ती आली तेव्हापासून कवडूची झोप उडाली. दिवसभर तो हसायचा, आणि लेक पाठमोरी झाली की तिच्याकडं बघत बसायचा. मायचं झालं तसं हिचं झालं तर? हे त्यानं कोणाला बोलून दाखवलं नाही. पण गावाला का कळत नाही?

एके दिवशी कौतिका म्हणाली, "बा, मले मरळीचं कालवण खावासं वाटते."

झालं. लेकीनं डोहाळा सांगितला, आता कवडू कसला थांबतो! पण त्या उन्हाळ्यात मरळ काही गळाला लागत नव्हती. पाणी आटून निम्म्यावर आलेलं, ऊन असं की बांधावरचे दगड हात लावू देत नव्हते. कवडूनं पहाटे गवतात लाल बेडूक फिरवला, मग कमळांत मातकट, मग डोहात काळा. काही नाही. आदल्याच संध्याकाळी मात्र गवताच्या एका उथळ कोपऱ्यात त्याला एक नर मरळ लागला होता, पण तो पाटलाच्या पाहुण्यांसाठी कबूल केलेला होता, म्हणून गेला पाटलाच्या घरी.

शेवटी भर दुपारी कवडू त्याच कोपऱ्यात आला. आता हसू नका. भर दुपारी, ज्येष्ठात, गुडघाभर तापलेल्या पाण्यात मरळ नसते, हे ज्यानं गावाला शिकवलं तोच तिथं उभा. तिथं काल नर का होता, हा विचार त्यानं केला नाही. पाणी उन्हानं इतकं चकाकत होतं की त्यावर काय हलतंय ते दिसत नव्हतं. त्यानं बेडूक टाकला. टाकल्याबरोबर पाणी फुटलं आणि मरळ अशी तुटून पडली की कवडूच्या हातातली काठी वाकून पाण्याला टेकली. अशी झडप त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तो खूश झाला. "बघ!" असं मोठ्यानं म्हणाला, तेही आजूबाजूला कोणी नसताना.

घरी आणली. कौतिका विळीवर बसली, माशाचं पोट उघडलं, आणि थांबली.

"बा," ती म्हणाली, "हिच्या पोटात काहीच नाही. कितीक दिवसांची उपाशी हाय ही."

"उपाशी व्हती म्हनूनच त बेडकावर आली."

"उपाशी व्हती त एवढे दिवस काहून नाही आली? तुह्या बेडकाले ती खायले नाही आली, बा. ती हाकलाले आली व्हती."

कवडू दारात उभा होता तो तसाच खाली बसला. आदल्या दिवशीचा नर, आज मादी, एकाच कोपऱ्यात, तापल्या पाण्यात, जिथं त्यांनी असायला नको तिथं. पिल्लं होती म्हणून ती तिथं होती. आणि त्यानं दोघांना उचललं. स्वतः बिनमायच्या पोरीला वाढवलेल्या माणसानं हे केलं. कौतिकेनं मरळ परत गुंडाळली, हात धुतले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. कालवण तिनं केलं नाही, आणि कवडूनंही विचारलं नाही.

तो उठला आणि धावत तलावावर गेला. कोपऱ्यात ती लाल चादर होती. पण एका जागी नाही, फाटल्यासारखी इकडं तिकडं. पिल्लं हवेला वर येत होती आणि ढोकऱ्या टपून बसल्या होत्या. एक चोच मारली की दहा पिल्लं जायची. खालून मिशाळ शिवडा मासा येऊन तोंड भरून जायचा. कवडू ओरडला, पाण्यात उतरला, हातानं पाणी उडवलं. ढोकऱ्या उडाल्या, पण पिल्लं त्यालाच घाबरून आणखी पांगली. माणसाच्या पायाशी मरळीची पिल्लं कशी येतील?

मग त्यानं काय केलं, ते ऐका. त्यानं पांगाऱ्याचा लांब ओंडका घेतला आणि मरळ कोरली. बेडूक नाही, मरळ. पाठ काजळानं काळी केली, पोटाला चुना लावला. गळ लावला नाही. घरातले सगळे गळ त्यानं गोळा केले आणि विहिरीत टाकले. ती लाकडी मरळ पाण्यात नेली, पण पिल्लं जवळ येईनात. रंग कितीही बरोबर असला तरी वास कुठून आणणार? तेव्हा तो घरी गेला, आणि जी मरळ त्यानं मारली होती तिच्या अंगावरचा चिकट थर काढून लाकडी मरळीला चोळला. नंतर मेलेली मरळ त्यानं बांधावर पुरली.

लाकडी मरळ पुन्हा पाण्यात सोडली. एक पिल्लू आलं. मग चार. मग ती सगळी लाली तिच्या पोटाखाली येऊन गोळा झाली आणि हलेना. कवडू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून रडला, असं म्हणतात. तेव्हा त्याला बघायला कोणी नव्हतं, तरी म्हणतात.

त्या दिवसापासून कवडू तलावातून बाहेर आला नाही.

मासा धरायला जे जे शिकला होता ते सगळं आता उलटं कामाला आलं. सकाळी कोवळ्या उन्हात तो पिल्लांना गवताच्या काठानं फिरवायचा, तिथं बारीक किडे असतात. ऊन चढलं की कमळाच्या पानांखाली न्यायचा. ढोकरी आली की हाकलायचा, शिवडा आला की काठीनं पाणी ढवळायचा. हातात दोरी, दोरीला लाकडी मरळ, मरळीखाली लाल पिल्लं, आणि मागं कवडू पाऊल न वाजवता चालायचा. रात्री काय करायचा म्हणाल तर मला माहीत नाही. दिवसाउजेडी जे दिसलं तेवढंच सांगतात.

पहिले दोन दिवस गाव हसलं. "कवडूले पोरं झाली!" म्हणून पोट धरून हसलं. तिसऱ्या दिवशी बायका काठावर अंबील आणून ठेवू लागल्या. भाताचा गोळा करून कौतिका स्वतः यायची, अवघडलेली, एका हातानं कंबर धरून. तो पाण्यातूनच हात लांब करून घ्यायचा आणि उभ्यानंच खायचा.

"किती दिवस, बा?" ती विचारायची.

"हे काळे होऊन आपापल्या वाटेनं जातवरी," तो म्हणायचा. "तुले नाही का मी लग्नापर्यंत सांभाळलं?"

"मी काय शेकड्यानं व्हती?"

"तू एकटीच शंभराच्या बरोबर व्हतीस," असं म्हणून तो हसायचा, आणि तीही हसायची. एवढं झालं तरी लेकीनं अबोला धरला नाही, याचंच त्याला फार होतं.

दिवस गेले. कवडूच्या अंगावर शेवाळ धरलं. पाठीचं कातडं मरळीच्या पाठीसारखं ठिपक्याठिपक्यांचं झालं. खंड्या त्याच्या डोक्यावर बसून पंख वाळवू लागला आणि त्याला हाकलायचं कवडूच्या मनातही येईना. दुपारी ऊन असं चकाकायचं की तलाव कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं ते कळायचं नाही. मग बांधावरून बघणाऱ्याला वाटायचं, कवडू आभाळातून चालला आहे आणि त्याच्या मागून लाल ढग निघाला आहे. म्हातारी माणसं त्या वेळेला हात जोडायची, आणि का जोडले ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

मग तो दिवस आला. पाणी इतकं आटलं की कमळाची पानं चिखलाला टेकली. काठाचं पाणी हात घातला तर भाजेल इतकं तापलं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. आता जागा एकच होती, मधला डोह, जिथं झिरे आहेत. पण काठ आणि डोह यांच्या मधे शंभर-दीडशे पावलांचा उथळ पट्टा होता, आणि तो सगळ्यात जास्त तापलेला. त्यातून पिल्लांना न्यायचं तर ताबडतोब न्यायचं, एका दमात न्यायचं, मरळ एक क्षण हातातून न सोडता. घटकाभर उशीर झाला तर सगळी लाली पांढरी होऊन तरंगली असती.

कवडू निघाला आणि नेमकी बांधावरून ठमा सुईण धावत आली. गावातली अर्धी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

"कवडू! अगा कवडू! बाहेर ये! पोरीले कळा लागल्या. मूल अडलं हाय. तिच्या मायसारखं दिसते मले. ये गा लवकर!"

कवडू थांबला. एक पाय पुढं, एक पाय मागं. याच भीतीनं तो महिनाभर झोपला नव्हता. बाहेर गेला तर पिल्लं मरतात. नाही गेला, आणि तिकडं लेकीचं काही झालं, तर तो कोणाचा बाप?

"पोरगी काय म्हनते?" त्यानं विचारलं.

ठमा चिडली. "ते काय म्हनन? कळा देते ते!"

"इचारून ये, ठमाबाई. तुह्या पाया पडतो."

ठमा शिव्या देत गेली आणि शिव्या देत परत आली. पण बांधावर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ते म्हनते," ठमा ओरडली, "बाले सांगजो, बाहेर आलास त मी तुह्याशी बोलनार नाही. तू तिकडं त्याइले ने, मी इकडं याले आनते."

कवडूनं मान हलवली आणि पाऊल टाकलं.

त्या शंभर पावलांचं आमच्याकडे आजही पाऊल-पाऊल सांगतात. पाणी पायाला भाजत होतं. तो मरळ हळूहळू ओढत होता, आणि पिल्लांशी बोलत होता. "चला रे माह्या सोन्याहो. थोडंच राहिलं. आलंच आता. घाबरू नोका." हे तो पिल्लांना म्हणत होता की घरातल्या लेकीला, ते त्याचं त्याला ठाऊक. पण तिकडं ठमा सांगायची, की कौतिका दात आवळून पडली होती ती मधेच म्हणाली, "हाव बा, आलंच." घर कुठं, तलाव कुठं! मधे अख्खं गाव. तरी तिनं ऐकलं, असं म्हणतात.

शेवटचं पिल्लू गार पाण्यात उतरलं. कवडूच्या पायाला झिऱ्याचा थंडावा लागला. आणि त्याच घटकेला गावातून बाळाचा टाहो आला, असा मोठा, की बांधावरचे सगळे बगळे एकदम उडाले. लेक झाली होती कौतिकेला. आणि कौतिका धडधाकट होती. कवडू डोहात छातीएवढ्या पाण्यात उभा होता, तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं लाकडी मरळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळ्या गावाला दाखवली.

बाराव्या दिवशी कौतिका बाळाला घेऊन बांधावर आली. पिल्लांची लाली तोवर उतरून काळसर झाली होती. तिनं बाळ उचलून दाखवलं. "बा, आता ये घरी!"

"येतो," कवडू म्हणाला. "अजून चार-दोन लहान हायेत. तेवढे गेले का येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोहात कवडू नव्हता. तो जिथं उभा असायचा तिथं कहूचं झाड उभं होतं. पाण्यातून निघालेलं, पांढऱ्या सालीचं, खांद्याएवढ्या उंचीवर दोन फांद्या वर गेलेल्या. त्या फांद्यांच्या बेचक्यात लाकडी मरळ अडकली होती. एका रात्रीत डोहात झाड उगवतं का? नाही उगवत. मलाही कळतं ते. कवडू बुडाला असेल, असं म्हणणारे शहाणे तेव्हाही होते. कौतिका त्यांना म्हणायची, "माहा बा बुडत नसते. तो येतो म्हनला. लहान सगळे गेले का येईल." आणि दर ज्येष्ठात नवी लाल पिल्लं व्हायची, म्हणजे लहान काही संपायचे नाहीत.

ते झाड आजही आहे. पाणी कितीही आटलं तरी त्याच्या मुळाशी झिरा चालू असतो, आणि तलावातल्या सगळ्या मरळी पिल्लं घेऊन तिथंच येतात. ज्येष्ठात पाण्यावर लाली दिसली की पहिला बघणारा ओरडतो, "कवडू आला!" आणि सगळे गळ वर होतात. पाहुणा असला, नवखा असला, तरी त्याचा गळ कोणीतरी वर करतोच.

आणि आमच्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की बापानं पांगाऱ्याची मरळ कोरायची. गळ न लावता. आणि ज्येष्ठ असो नाही तर पौष, एक अख्खी दुपार ती हातात धरून तलावात उभं राहायचं. कोणी बोलवलं तरी बाहेर यायचं नाही. त्याला दुपार देणं म्हणतात. काय फरक पडतो त्यानं, ते ठमाच्या नातसुनेला विचारा, आता सुईणपण तीच करते. ती म्हणते, फरक बाळंतिणीला पडतो, तिला घरातून बा दिसतो. बाळ झालं की ती मरळ बाळाच्या पाळण्याला बांधतात. अशा प्रत्येक लेकराचं पहिलं खेळणं तेच.

चला, पुरे झालं आता. माझी धाकटी परवाच आली आहे. उद्या माझी दुपार आहे. मरळ कोरून ठेवली आहे, शेपटी जरा वाकडी आली, पण लेक म्हणाली, चालते बा.